दुसरी रायफल कोणत्या बोअरची?

कोलोराडोत राहणाऱ्या माझ्या भाच्याचा गेल्या दिवाळीत फोन आला. फराळ पोचल्याचे सांगून झाले, आईच्या गुडघ्यांची चौकशी झाली आणि मग हळूच मुद्दा निघाला.

"मामा, दुसरी रायफल घ्यायची म्हणतोय. कुठलं कॅलिबर घेऊ?"

पहिली त्याच्याकडे .३०-०६ आहे, सात वर्षे झाली. "तिनं कुठं दगा दिला?" मी विचारले.

"छे, कुठंच नाही. चार म्यूल डियर झाली, एक एल्क झालं."

"मग?"

"मग काय, दुसरी हवी."

इतके प्रामाणिक उत्तर शिकारीच्या मासिकांत सापडत नाही. तिथे दुसऱ्या रायफलीची गरज आधी आकड्यांनी सिद्ध करतात आणि मग ती विकत घेतात. प्रत्यक्षात क्रम उलटा असतो. मला मात्र त्याचा प्रश्न आवडला. आमच्या घरात आजोबांची .३१५ होती. दसऱ्याला तिची पूजा व्हायची आणि निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची. जनावरावर मी कधी बार काढलेला नाही. लक्ष्यावर पुष्कळ काढले आहेत. बाकीचे ज्ञान वाचीव आणि ऐकीव. पण या एका प्रश्नावर शंभर-सव्वाशे वर्षे इतकी भांडणे झाली आहेत, की ती वाचणे हाच एक छंद होऊ शकतो.

आधी नावांचा घोळ. कॅलिबर म्हणजे नळीचा आतला व्यास, असे आपण शिकतो. पण .२७० विंचेस्टरची गोळी भरते .२७७ इंच. .३०-०६ मधले ०६ म्हणजे १९०६ हे साल. त्या वर्षी अमेरिकी लष्कराने ते काडतूस स्वीकारले. .२५०-३००० मधले ३००० म्हणजे गोळीचा वेग, सेकंदाला तीन हजार फूट. १९१५ साली सॅव्हेज कंपनीने जाहिरात थेट नावातच घातली. सात मिलिमीटरची एकच गोळी कुठे .२७५ रिग्बी, कुठे .२८० रेमिंग्टन, कुठे सेव्हन एमएम-०८ या नावाने विकली जाते. नावावरून नाते लावायला जाल तर फसाल. शिकारी ज्याला कॅलिबर म्हणतो ते खरे म्हणजे अख्खे काडतूस असते: पुंगळी केवढी, तीत दारू किती, गोळी किती वजनाची आणि किती लांब. गोळीचे वजन ग्रेनमध्ये मोजतात. साधारण साडेपंधरा ग्रेनचा एक ग्रॅम.

आता भाच्याची पहिली रायफल. .३०-०६ मधून १८० ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे २७०० फूट वेगाने निघते. तोंडापाशी तिची ऊर्जा २९०० फूट-पाउंडांच्या आसपास असते. उत्तर अमेरिकेतली जनावरे आपल्या मापाने सांगायची, तर प्राँगहॉर्न हे काळविटाहून थोडे मोठे, पांढऱ्या शेपटीचे हरीण चितळाच्या जोडीचे, म्यूल डियर त्याहून अंगाने थोडे थोर. एल्कचा भरला नर तीनशे किलोच्या पुढे, म्हणजे आपल्या दांडग्या सांबराएवढा. मूस घोड्याएवढा उंच, आणि अलास्कात त्याचे वजन सहाशे किलोंपर्यंत जाते. ही सगळी यादी .३०-०६ ने शंभर वर्षे उरकली आहे. म्हणजे भाच्याच्या पहिल्या रायफलीत दुसरीने भरून काढावी अशी जागाच उरलेली नाही. ज्यांची पहिली .३०८ किंवा .२७० आहे, त्यांचीही गत हीच. इथून पुढचा सगळा वाद हौसेचा आहे, एवढे मान्य करून टाकले की तो शांतपणे करता येतो.

बहुतेकांची हौस वर जाते. पहिलीपेक्षा दुसरी मोठी हवी. मॅग्नम या शब्दात जादू आहे; चहा ‘स्पेशल’ म्हटला की दोन रुपये जास्त द्यायला हरकत वाटत नाही, तसे काहीसे. १९५८ साली .३३८ विंचेस्टर मॅग्नम आले, १९६२ साली रेमिंग्टनने मॉडेल ७०० रायफलीबरोबर सेव्हन एमएम मॅग्नम आणले, १९६३ साली .३०० विंचेस्टर मॅग्नम आले. अमेरिकेतल्या निम्म्या ‘दुसऱ्या रायफली’ या तीन नावांतच सापडतील, असे म्हणायचा मोह होतो. भाच्याचेही मन .३०० वर होते.

मी त्याला दोनच आकडे दिले. दोन्ही रायफलींचा नेम २०० यार्डांवर जुळवला आणि १८० ग्रेनचीच गोळी घेतली, तर ३०० यार्डांवर .३०-०६ ची गोळी आठ-नऊ इंच खाली जाते आणि .३०० मॅग्नमची सात इंचांच्या आसपास. एल्कच्या छातीत गोळी बसण्याजोगी जागा चांगली वीतभर तरी असते, म्हणजे फायदा दीड-दोन इंचांचा. आता किंमत. आठ-साडेआठ पौंडांच्या रायफलीत .३०-०६ चा धक्का सुमारे २० फूट-पाउंड बसतो, .३०० चा २६ च्या आसपास आणि .३३८ चा तेहतीसच्या पुढे. डोंगर चढायला सोपी म्हणून सहा पौंडांची हलकी रायफल घेतलीत, तर हेच आकडे आणखी चढतात. रायफल जितकी हलकी तितकी ती खांद्याला जास्त हाणते. त्यात कुणाचेच काही चालत नाही.

खांदा दुखतो हे एक वेळ सोसता येते. खरी पंचाईत बिचकण्याची. धक्का येणार हे शरीराला आधीच कळते. चाप ओढण्याच्या क्षणी डोळा मिटतो, बोट हिसका देते, नळीचे तोंड खाली जाते. बंदूक रिकामी आहे हे माहीत नसलेल्या माणसाने चाप ओढला की हे उघडे पडते. बार होत नाही, पण नळी मात्र टुणकन हलते. क्लबात मला आमच्या गुरुजींनी असेच पकडले होते. काडतुसांमध्ये एक रिकामी पुंगळी गुपचूप मिसळून दिली आणि पुढे पंधरा मिनिटे नुसते हसत बसले. बिचकण्यामुळे शंभर यार्डांवर पडणारा फरक दीड इंचापेक्षा कितीतरी मोठा असतो. मॅग्नमने वाचवलेले इंच असे दुप्पट-तिपटीने परत जातात.

वर जाणाऱ्यांचा थोर वकील म्हणजे आयडाहोचा एल्मर कीथ. जाड, जड आणि सावकाश जाणारी गोळीच खरी, असे त्याने आयुष्यभर लिहिले. समोरच्या पक्षात जॅक ओकॉनर. ‘आउटडोअर लाइफ’ मासिकात त्याने १९२५ साली आलेल्या .२७० विंचेस्टरची इतकी बाजू मांडली, की आज ते काडतूस आणि तो माणूस वेगळे काढता येत नाहीत. १३० ग्रेनची हलकी गोळी, तीन हजार फुटांच्या वर वेग. दोघांचे भांडण तत्त्वाचे समजून पिढ्यान्‌पिढ्या लोक पक्ष निवडत आले. मला ते भूगोलाचे वाटते. कीथच्या मनात दाट देवदारातले, पाठ फिरवून पळणारे एल्क होते. ओकॉनर ॲरिझोनात जन्मला, त्याचे प्रेम उघड्या कड्यांवरच्या रानमेंढ्यांवर. दोघांनी आपापले रान बघून काडतूस निवडले आणि मग ते साऱ्या जगाला लागू केले. या ओकॉनरची एक गोष्ट मात्र त्याच्या चाहत्यांच्याही लक्षात राहत नाही. त्याची पत्नी एलिनॉर उत्तम शिकारी होती, आफ्रिकेतही शिकार करून आली आणि तिची आवडती रायफल होती ७x५७ माउझर, म्हणजे १८९२ सालचे, अगदी मवाळ धक्क्याचे लष्करी काडतूस.

याच ७x५७ ला इंग्लंडात .२७५ रिग्बी म्हणतात, आणि इथे मराठी वाचक कान टवकारेल. चंपावतची नरभक्षक वाघीण १९०७ साली मारल्यावर जिम कॉर्बेटला संयुक्त प्रांताच्या नायब राज्यपालांकडून भेट मिळाली ती .२७५ रिग्बी. त्याच्याकडे .४५०/४०० ची दुनळीही होती. दोन रायफलींची याहून नेटकी जोडी मला ठाऊक नाही. एक हलकी, दिवसभर खांद्यावर बाळगता येणारी. दुसरी जड, झुडपात जखमी वाघ बसलेला असताना हातात असावी अशी. दोघींची कामे एकमेकींत मिसळत नाहीत. भाच्याच्या .३०-०६ शेजारी .३०० मॅग्नम ठेवली तर दोघी एकाच कामासाठी भांडणार, आणि त्यातली एक कपाटातच राहणार.

.२७५ चे नाव निघाले की कुणीतरी कॅरामोजो बेल काढतोच. या स्कॉटिश माणसाने आफ्रिकेत हजारावर हत्ती मारले आणि त्यांतले बहुसंख्य याच छोट्या काडतुसाने. खरे आहे. पण बेलने हत्तीची कवटी करवतीने कापून मेंदू नेमका कुठे असतो ते पाहिले होते, आणि तो फुटून न पसरणारी लष्करी धाटणीची गोळी वापरायचा. त्याचे उदाहरण देऊन कुणी लहान कॅलिबरचे समर्थन करू लागला, की त्याने किती कवट्या कापल्या एवढे विचारावे. आज आफ्रिकेच्या बऱ्याच देशांत रानरेडा, हत्ती, सिंह यांच्यासाठी .३७५ किंवा त्या तोलाची ऊर्जा कायद्यानेच लागते. म्हणून तिकडे जाणाऱ्याची दुसरी रायफल ठरलेलीच: १९१२ सालची .३७५ हॉलंड अँड हॉलंड. तिच्यावर जास्त लिहायची गरज नाही. शंभर वर्षांत तिला पर्याय पुष्कळ आले, पण तिची गादी कुणाला मिळाली नाही.

माझे मत खाली उतरण्याचे. पहिली रायफल सर्वांत मोठ्या जनावराला पुरत असेल, तर दुसरी तिच्याहून मऊ असावी: हरणांसाठी, सरावासाठी, घरातल्या दुसऱ्या माणसाच्या हातात देण्यासाठी. इथे १९५५ सालची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

त्या वर्षी विंचेस्टरने .२४३ आणले आणि रेमिंग्टनने .२४४. गोळी दोघांची सहा मिलिमीटरचीच, आणि पुंगळीत जागा रेमिंग्टनच्या काडतुसात थोडी जास्तच. कागदावर .२४४ सरस. फरक नळीच्या आत होता. रायफलीच्या नळीला आतून पीळ असतात. ते गोळीला गरगर फिरवतात आणि भोवरा फिरताना उभा राहतो तशी गोळी सरळ जाते. लहान भोवऱ्याला जाळीचा थोडा झटका पुरतो. लांब, उंच भोवऱ्याला जोरात फिरवावे लागते, नाहीतर तो डुलतो आणि कोसळतो. गोळीचेही तसेच. रेमिंग्टनने पीळ ठेवला बारा इंचांत एक फेरा, कारण त्यांच्या मते हे काडतूस कोल्हे-ससे मारणाऱ्यांचे, हलक्या गोळीचे. विंचेस्टरने ठेवला दहा इंचांत एक, म्हणून १०० ग्रेनची हरणाला पुरणारी गोळी त्यातून नीट उडाली. गिऱ्हाइकाला एकच दुसरी रायफल हवी होती, जी उन्हाळ्यात कोल्हा मारील आणि हिवाळ्यात हरीण. .२४३ तडाखेबंद खपले, .२४४ पडले. रेमिंग्टनने १९६३ साली पीळ नऊ इंचांवर आणून त्याच काडतुसाचे नाव ‘सिक्स एमएम रेमिंग्टन’ केले. तोवर बाजार गेलेला होता.

.२४३ चा धक्का दहा फूट-पाउंडांच्या आत-बाहेर, म्हणजे .३०-०६ च्या निम्मा. हरणासाठी ते चोख आहे. एल्कवर ते चालते असे सांगणारे पुष्कळ भेटतात. ते बहुधा उत्तम नेमबाज असतात आणि स्वतःवरून जगाची परीक्षा करतात. मी नवख्याच्या हाती एल्कसाठी ते देणार नाही.

मध्ये राहतात साडेसहा आणि सात मिलिमीटरवाले, आणि माझ्या मते दुसऱ्या रायफलीचे खरे घर इथे आहे. स्वीडन आणि नॉर्वे यांनी मिळून १८९४ साली ठरवलेले ६.५x५५ आजही स्कँडिनेव्हियात मूस पाडते. गोळी बारीक पण लांब, म्हणून खोल शिरते. हेच गणित २००७ साली हॉर्नाडी कंपनीने ६.५ क्रीडमोर या नावाने नव्याने मांडले. आठ इंचांत एक असा तीव्र पीळ, वाऱ्याला कापणारी लांब गोळी, धक्का बारा-तेरा फूट-पाउंड. त्याची टिंगल करणे ही जुन्या शिकाऱ्यांची करमणूक झाली आहे. टिंगल चाहत्यांची करावी. काडतूस चांगले आहे. सेव्हन एमएम-०८ हे १९८० चे, .३०८ ची पुंगळी तोंडाशी आवळून केलेले. १४० ग्रेनची गोळी, वेग २८५० फुटांच्या आसपास. एलिनॉरच्या ७x५७ चेच काम ते थोड्या आखूड काडतुसात करते.

कधी कधी मात्र निवड आपल्या हातात नसतेच. कोलोराडोत हरणासाठीही .२४ पेक्षा लहान बोअर चालत नाही. गोळी हरणाला किमान ७० ग्रेन आणि एल्क-मूसला ८५ ग्रेन, आणि शंभर यार्डांवर हजार फूट-पाउंड ऊर्जा उरायला हवी. जर्मनीत रो हरणाला शंभर मीटरवर १००० ज्यूल पुरतात, पण रानडुक्कर किंवा लाल हरीण म्हटले की किमान ६.५ मिलिमीटर आणि २००० ज्यूल, म्हणजे .२४३ तिथे रो हरणापुरतेच. ब्रिटनमध्ये प्रत्येक रायफल परवान्यावर बोअरसकट चढवावी लागते आणि ती का हवी ते पोलिसांना पटवावे लागते. ओहायो आणि आयोवा या सपाट, दाट वस्तीच्या मुलखात गोळी लांब जाऊ नये म्हणून सरळ भिंतीच्या पुंगळ्यांचीच काडतुसे चालतात. तेवढ्यासाठी २०१९ साली .३५० लेजंड निघाले. तिथल्या माणसाची दुसरी रायफल सरकारनेच निवडून ठेवलेली असते.

शिशाचे प्रकरण नवे आहे आणि ते पुन्हा पिळापाशी येऊन थांबते. सोललेल्या जनावराची आतडी रानात टाकतात. त्यातले शिशाचे कण खाऊन कॅलिफोर्नियातली काँडर गिधाडे मरू लागली. १ जुलै २०१९ पासून त्या राज्यात शिकारीला शिशाची गोळी पूर्ण बंद आहे. त्याऐवजी तांब्याची वापरतात. तांबे शिशापेक्षा हलके, म्हणून त्याच वजनाची गोळी लांब होते, आणि लांब भोवऱ्याला जास्त पीळ लागतो. आजोबांच्या काळच्या मंद पिळाच्या नळीतून ती कधी कधी डुलत जाते. पुढची वीस वर्षे वापरायची रायफल घेताना पेटीवर पिळाचा आकडा वाचावा. तो बोअरच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा होत चालला आहे.

आपल्याकडे हा सगळा बाजार इंग्रजांनीच आवळून टाकला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी हिंदुस्थानात .४५० बोअरवर बंदी घातली. ती काडतुसे बंडखोरांच्या हाती लष्करी बंदुकांत जातील ही भीती. लंडनच्या बंदूकवाल्यांनी लगेच .४६५, .४७० असे थोडे जाड बोअर काढून बंदीला बगल दिली. थ्री-नॉट-थ्री तर फौजेचे, म्हणून प्रजेला वर्ज्य. त्याच्याऐवजी ऑस्ट्रियन वळणाचे .३१५ आले, आणि स्वातंत्र्यानंतरही ईशापूरच्या कारखान्याने तेच पुढे चालवले. आजोबांनी .३१५ का घेतली याचे उत्तर एवढेच, की दुसरे मिळत नव्हते. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार संपली. २०१९ च्या दुरुस्तीने परवानाधारकाची शस्त्रेही तिनावरून दोनावर आली. कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची किंवा बारा बोअरची बंदूक असलेल्या शेतकऱ्याला कॅलिबरचा वाद सांगितला, तर तो आधी रानडुक्कर दाखवील आणि मग हसेल.

आता काडतुसांच्या उपलब्धतेचे. भाच्याच्या गावातल्या दुकानात .३०-०६, .३०८, .२७०, .२४३, ६.५ क्रीडमोर ही हमखास मिळतात. २००० नंतरच्या काही वर्षांत आखूड आणि जाड मॅग्नमांची लाट आली होती. त्यातले .३०० डब्ल्यूएसएम टिकले. सेव्हन एमएम डब्ल्यूएसएमसारखी भावंडे अशी बसली, की त्यांच्या मालकांना आज काडतुसे शोधत फिरावे लागते. नव्या नावाला दहा वर्षे होईपर्यंत आपण दुरूनच नमस्कार करावा. सेव्हन एमएम-०८ या परीक्षेत पास आहे, पहिल्या वर्गात नाही. आडगावच्या दुकानात एखाद-दोन पेट्याच असतात.

एक व्यवहारी पर्याय कुणालाच आवडत नाही: दुसरी रायफलही पहिल्याच बोअरची घ्यायची. घरापासून हजार मैलांवर दुर्बीण आपटून तिचा नेम हलला, तर तीच काडतुसे दुसरीत चालतात. सगळ्यात शहाणा सल्ला हाच आहे. भाच्याला दिला तेव्हा फोनवर थोडा वेळ काहीच ऐकू आले नाही.

"मामा, मग मजा काय राहिली?"

त्याचेही खरेच होते.

जानेवारीत त्याने सेव्हन एमएम-०८ घेतली. मॅग्नमसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून जे उरले त्यात काडतुसांच्या दहा पेट्या आल्या, वीस-वीसच्या. मार्चअखेर त्यांतल्या सहा संपल्या होत्या. दोन रायफली झाल्या की एक नवाच धोका सुरू होतो, तो मी त्याला बजावून सांगितला: पहाटेच्या अंधारात, हातमोजे घातलेल्या हातांनी एकीचे काडतूस दुसरीत जाणे. .३०० ब्लॅकआउटचे काडतूस .२२३ च्या नळीत बसते, आणि चाप ओढला की रायफल फुटते. असे अपघात झालेले आहेत. भाच्याच्या दोन काडतुसांच्या लांबीत अर्ध्या इंचाहून अधिक फरक आहे, दिवसा चूक होणार नाही. तरी त्याने पेट्यांना रंगीत पट्ट्या चिकटवल्या आहेत. लाल .३०-०६ ची, निळी नवीची. शिकारीला निघताना खिशात एकाच रंगाची काडतुसे घ्यायची आणि दुसरी गाडीतही ठेवायची नाहीत, असे आमचे ठरले आहे.